माकडानं तार खाल्ली, पत्राचं काय?

२०१५ सालची गोष्ट. काशीत गंगेच्या काठाकाठानं वायफायसाठी फायबरच्या तारा टाकल्या आणि दोन महिने व्हायच्या आत माकडांनी त्या चावून टाकल्या. बातमी जगभर छापली गेली, लोक हसले. ब्रह्मा घाटाच्या बोळांतून फिरलेल्या माणसाला मात्र त्यात नवल वाटणार नाही. दोघे समोरासमोर आले तर एकानं भिंतीला चिकटायचं, अशा त्या वाटा. डोक्यावर तारांचं जाळं आणि त्यावरून गच्चीगच्चीत हिंडणारी वानरसेना.

घाट तसा आपल्याच माणसांचा. शेजारच्या दुर्गा घाटासारखंच याच्याही बांधणीशी कायगावकर नारायण दीक्षित पाटणकरांचं नाव जोडलेलं आहे. अठराव्या शतकात काशीहून पुण्याला पत्रं जात ती कासिदाच्या हाती. वाटेत नदी भरली तर उतार मिळेपर्यंत काठावर थांबायचं, पत्र मात्र सोडायचं नाही. पत्र पोचलं की त्यावर पैवस्तीची तारीख पडे. ई-मेलही असंच चालतं. वाटेतला प्रत्येक सर्व्हर पत्राच्या माथ्यावर आपली पैवस्ती लिहितो आणि पुढची वाट बंद असली तर पत्र सांभाळून बसतो. अशा पत्रांच्या रांगेलाच ‘मेल क्यू’ म्हणतात.

तुम्ही मेल ‘पाठवली’ म्हणजे ती पोचली असं नव्हे. तुमच्या सर्व्हरनं ती डिस्कवर उतरवून घेतली आणि जबाबदारी पत्करली, एवढंच. पुढं समोरच्या सर्व्हरच्या उत्तरातला आकडा बघायचा. चारशेच्या घरातला आकडा म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’. पाचशेच्या घरातला म्हणजे ‘होणार नाही, परत न्या’. तार तुटली असेल तर उत्तरच येत नाही, आणि तेही ‘नंतर या’मध्येच धरतात.

पोस्टफिक्स या सर्व्हरमध्ये ताजं टपाल ‘इनकमिंग’मधून ‘अ‍ॅक्टिव्ह’मध्ये येतं आणि अडलेलं ‘डिफर्ड’मध्ये जातं. अडलेल्याला पाच मिनिटांनी पुन्हा संधी मिळते. तीही हुकली तर मधलं अंतर वाढत वाढत तासाच्या थोडं वर जाऊन थांबतं. पाच दिवसांनी पत्र प्रेषकाकडे परत.

आता समजा, घाटावरच्या एखाद्या कार्यालयातून उत्सवाची तीस हजार निमंत्रणं सुटली आणि तेवढ्यात तार गेली. रांग फुगते, फोन वाजू लागतात, आणि नवशिका ‘फ्लश’ मारतो, म्हणजे सगळी रांग एकदम ढकलतो. तार नसेल तर ती मेहनत फुकट. नुकतीच जोडली असेल तर त्या बोळात झुंबड उडते, आणि एवढी गर्दी पाहून मोठे सर्व्हरही ‘नंतर या’ म्हणू लागतात.

मुळात ‘अ‍ॅक्टिव्ह’मध्ये एका वेळी वीस हजार पत्रांचीच सोय असते. बंद पत्त्यांच्या पत्रांनी तिथं पथारी पसरली की चालू पत्त्यांची पत्रं दाराबाहेर ताटकळतात. म्हणून आधी पोस्टफिक्सच्या ‘क्यूशेप’ या हत्याराचा तक्ता बघावा. मला तो फार आवडतो. प्रत्येक ओळीला एक डोमेन, पुढं पाच, दहा, वीस, चाळीस मिनिटं असे पत्रांच्या वयाचे रकाने. सगळ्याच ओळी फुगल्या असतील तर आधी आपली तार बघा. एकाच ओळीत, उजवीकडच्या रकान्यांत आकडे साचले असतील तर दुखणं त्या घरचं. तेवढीच पत्रं ‘होल्ड’वर टाका, बाकीच्यांची वाट मोकळी होते.

घाटासारख्या दूरच्या जागी आणखी एक गोष्ट फसवते. डिस्क अर्धी रिकामी दिसते आणि सर्व्हर म्हणतो, जागा नाही. प्रत्येक पत्र म्हणजे निदान एक फाइल, आणि फाइलींची नोंद ठेवणारे आयनोड अनेक डिस्कवर मोजकेच असतात. लहान चिठ्ठ्यांचा ढीग साचला की ते संपतात. बाइट मोजणाऱ्याला हे कळत नाही.

उलट दिशेचं टपाल, म्हणजे घाटाकडे येणारं, मुख्यालयात साठवता येतं. त्यासाठी १९९६ मध्ये ‘ईटीआरएन’ हा हुकूम ठरवला गेला: तार जोडली की घाटावरचा सर्व्हर स्वतःच मुख्यालयाला सांगतो, माझं टपाल सोडा. मात्र साठवणाऱ्या सर्व्हरकडे घाटावरच्या खऱ्या पत्त्यांची यादी हवीच. नाहीतर तो सगळा कचरा घेतो आणि मग तो परत करताना, ज्यांची नावं चोरून वापरली त्या निरपराधांच्या दारात टाकतो. यादी नसेल तर असा राखीव सर्व्हर न ठेवलेलाच बरा, असं माझं मत.

‘उशीर होतोय’ ही सूचना पोस्टफिक्समध्ये मुळात बंद असते. ती चार तासांवर लावा, म्हणजे प्रेषकाला पाच दिवस अंधारात बसावं लागणार नाही. आणि पुढच्या वेळी ‘मेल का पोचली नाही’ असा फोन आला, तर सर्व्हर रीस्टार्ट करण्याआधी रांगेतल्या सर्वांत जुन्या पत्राखाली लिहिलेलं कारण एकदा वाचा.