थव्यातील कलह : मरळ माशाच्या पिलांचे संगोपन

भंडारा जिल्ह्यातील तलाव आणि बोड्या यांच्या काठी, पावसाळ्यात, उथळ व तणयुक्त पाण्यात नारिंगी-तांबूस ठिपक्यांचा एखादा पुंजका सरकताना दिसतो. क्षणभर तो पृष्ठभागी येतो, तेथील पाणी उकळल्यासारखे भासते, आणि पुंजका पुन्हा खाली जातो. ही मरळ माशाची पिले होत. शास्त्रात या जातीस चन्ना स्ट्रायटा म्हणतात. पुंजक्याच्या खाली जनक मासा पहारा देत असतो, आणि जाळे टाकणाऱ्या ढिवरास ही खूण चांगली परिचित असते.

पाहणाऱ्यास हा ऐक्याचा नमुना वाटावा यात नवल नाही. तथापि हीच पिले काचपेटीत वा हाप्यात ठेवली असता थोड्याच दिवसांत त्यांची संख्या घटू लागते, आणि मेलेली पिले मात्र तळाशी फारशी सापडत नाहीत. ती भावंडांच्याच पोटात गेलेली असतात.

या प्रश्नाचे व्यावहारिक महत्त्व थोडे नाही. मरळ हवेतील प्राणवायू घेऊ शकत असल्यामुळे जिवंत स्थितीत बाजारात नेता येतो, व त्यास भावही चांगला मिळतो. असे असूनही तलावांत सोडले जाते ते मुख्यत्वे रोहू, कटला आणि मृगळ यांचे बीज. मरळाची बोटुकली दुर्मीळ असण्याच्या कारणांपैकी हा अंतर्गत कलह एक प्रमुख कारण होय.

थवा हा स्नेहाचा परिणाम नव्हे. शत्रूच्या दृष्टीस एकेकटे पिलू पडू नये, एवढाच त्यातील लाभ. आणि तो लाभ सर्वांचा आकार जवळजवळ सारखा असेतोवरच टिकतो. एकाच घरट्यातील पिले प्रारंभी समान असतात. पुढे ज्यांना प्लवकांचा घास अधिक मिळतो ती वेगाने वाढतात, वाढल्यामुळे त्यांना अधिक घास मिळतो, आणि तफावत स्वतःच स्वतःला पोसत जाते. मोठ्याच्या जबड्यात धाकटे मावू लागले की थवा उरत नाही. उरतो तो भक्षक आणि त्याचे भक्ष्य. चिन आणि फास्ट यांनी १९९६ साली या जातीच्या पिलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतही आकारातील फरक व अन्नाचा पुरवठा या दोहोंवर स्वजातिभक्षण अवलंबून असल्याचे दिसते. काटेकोर अर्थाने पाहता हे भक्षण म्हणजे आक्रमकता नव्हे. कोनराड लोरेन्झ यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात हा भेद आग्रहाने मांडला आहे. पण जबड्यात न मावणाऱ्या भावंडास जेव्हा नुसतेच चावे घेतले जातात, तेव्हा ही सीमारेषा पुसट होते.

खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयात याचेच दुसरे रूप दिसते. प्रवाळखडकांवर समूहाने राहणारा हिरवा क्रोमिस हौशी पालक पाच-सहांच्या संख्येने आणतात, आणि कित्येकदा शेवटी एकच शिल्लक राहतो. येथे कोणी कोणास गिळत नाही. बलवान मासा दुर्बळास सतत हुसकावतो, खाऊ देत नाही, आणि एक संपला की पाळी पुढच्याची. संख्या वाढविल्यास हल्ले विभागले जातात, हा प्रचलित सल्ला त्यामुळे अपुरा ठरतो. पळून जाण्यास जागा नसेल तर संख्येचा उपयोग काय?

मरळाच्या बाबतीत उपाय तफावतीवरच योजावा लागतो. अन्न एका ठिकाणी न टाकता पेटीभर विखरून, दिवसातून अनेक वेळा द्यावे. एका कोपऱ्यात टाकलेले अन्न दांडगी पिलेच बळकावतात. लपण्यासाठी पाणवनस्पती असावी, परंतु इतकी दाट नसावी की मोठी पिले ओळखताच येऊ नयेत. पेटीवर झाकण हवेच, कारण हा मासा उडी मारतो. मात्र झाकण व पाणी यांमध्ये हवेस जागा ठेवावी, अन्यथा पिले गुदमरतात. आणि मुख्य म्हणजे ठराविक छिद्रांच्या चाळणीने पिलांची वारंवार प्रतवारी करावी. हे काम हलक्या हाताने, पाण्यातच व्हावयास हवे. ओरखडे पडलेले पिलू बुरशीला बळी पडते. वेगळी काढलेली मोठी पिले दुसऱ्या हाप्यात सोडावीत. तेथेही काही दिवसांत नवी तफावत पडते, व चाळणी पुन्हा हाती घ्यावी लागते.