गरम झाली की बंद पडते

ऑक्टोबर 2023मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरली, ती मुंबईच्या रस्त्यांवरून गेली आणि सगळे गहिवरले. टपावरचं कॅरिअर, फुलाफुलांचं आतलं छत, स्टिअरिंगजवळचा गिअर, सगळ्याची आठवण निघाली. ती गाडी वाटेत बंद पडायची, हे मात्र सोयीस्करपणे राहून गेलं. ती का बंद पडते हे शोधणारी माणसं होती, हेही राहून गेलं.

साठ-सत्तरच्या दशकांबद्दल माझी तक्रार नाही, कारण तेव्हा आमच्या घरी सायकल होती. 1983च्या डिसेंबरात मारुती आली आणि पुढची काही वर्षं लोकांनी तिच्या नंबराची वाट पाहण्यात घालवली. माझं दशक नव्वदीचं. सेकंडहँड पद्मिनी, जुना मुंबई-पुणे रस्ता आणि खोपोलीनंतरचा बोरघाट.

मे महिन्यात त्या घाटात बॉनेट उघडी टाकलेल्या गाड्यांची रांगच असे. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला. इंजिन तापलं की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ व्हायची आणि वाफ काही त्या पंपाला ढकलता यायची नाही. मग पंपावर ओलं फडकं टाकायचं नि चहा प्यायचा. हे निदान कुणालाही जमे. खरी परीक्षा मधूनच बंद पडणाऱ्या गाडीची, कारण ती गॅरेजात पोचली की शहाण्यासारखी चालते.

आमचे दादरचे मिस्त्री बॉनेटला हात लावण्याआधी उलटतपासणी घेत. "साहेब, झटक्यात बंद पडते की गचके खात?" झटक्यात म्हणजे करंट गेला, गचके खात म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, हा त्यांचा पहिला फाटा. मग गरम की थंड, चढावर की सपाटीवर, किती वेळाने पुन्हा चालू होते. गरम झाल्यावर झटक्यात मेली आणि निवल्यावर चालू झाली, तर संशय कंडेन्सरवर किंवा कॉइलवर. तापल्यावर आतली तार सुटते, निवली की पुन्हा टेकते. ते खात्रीचा कंडेन्सर लावून गाडी चार दिवस चालवायला सांगत. पैशांचं नंतर बघू.

एकदा गाडी हायवेवर बरंच अंतर गेली की गचके खात थांबू लागली. दोन गॅरेजांनी कार्बोरेटर खोलला, जेट फुंकले, पैसे घेतले. मिस्त्री म्हणाले, "पुढच्या वेळी थांबली की आधी टाकीचं झाकण सैल करा आणि कान द्या." सुस्कन हवा आत गेली. झाकणाचं हवेचं भोक बुजलं होतं. पेट्रोल संपेल तशी टाकीत पोकळी व्हायची आणि पंप रिकामाच ओढत राहायचा. इलाज एका टाचणीचा.

सगळेच असे नव्हते. कोणत्याही दुखण्यावर कार्बोरेटरचा स्क्रू पिळणारे त्या दशकात गल्लोगल्ली होते आणि भेसळीच्या पेट्रोलमुळे त्यांचं दर तिसऱ्यांदा बरोबरही यायचं! कार्बोरेटर गेला याचं मला सुतक नाही. कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं एमपीएफआय आलं, पंप टाकीत गेला, एक्स्प्रेसवे झाला, घाटातली ती रांग संपली. उत्तम झालं.

पण गाड्या मधूनच बंद पडायच्या थांबल्या नाहीत. क्रँकशाफ्टजवळचा सेन्सर तापला की सिग्नल सोडतो, निवला की शहाणा होतो. रोग तोच, कंडेन्सरचा. गंमत अशी, की सिग्नल गेला म्हणजे इंजिन नेहमीसारखं थांबलं असंच कॉम्प्युटरला कित्येकदा वाटतं आणि तो काहीच नोंदवत नाही. पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सर तर बऱ्याच छोट्या गाड्यांत नसतोच, त्यामुळे थकलेला पंपही निर्दोष सुटतो.

माझी हल्लीची गाडी चौकातल्या सिग्नलला मरू लागली, तेव्हा सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला. "एरर नाही सर." तरीही प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली. कधी बंद पडते, हे कुणी विचारलं नाही. राग त्या पोरावर नाही. जॉब कार्डावर त्याला मिनिटं मोजून दिलेली असतात, गाडीबरोबर एक संध्याकाळ काढायची मुभा त्याला कोण देणार? मीच सांगितलं, की बंद पडल्यावर स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा हलत नाही, तेव्हा तो क्रँकशाफ्टचा सेन्सर बघा. अ‍ॅडव्हायझरने नम्रपणे ऐकून घेतलं आणि इंजेक्टर क्लीनिंगचं पॅकेज सुचवलं.