दुरुस्तीचं शास्त्र (भाग ९) : झिलईचा मोह

जुन्या घड्याळाची तबकडी उजळावी की नाही, हा मागच्या भागातला प्रश्न अमेरिकेतल्या एका छंदात जास्त टोकदार होतो. तिथे हौशी मंडळी जुनं लष्करी पिस्तूल विकत घेऊन घरीच नीटनेटकं करतात. त्यांचा लाडका नमुना म्हणजे जॉन ब्राउनिंगने घडवलेलं कोल्ट एम-१९११. १९११पासून १९८५पर्यंत ते अमेरिकी सैन्याचं अधिकृत पिस्तूल होतं. माझ्या मते त्यातलं जे झिजतं ते बदलावं आणि जे दिसतं त्याला शक्यतो हात लावू नये.

झिजतात त्या मुख्यतः स्प्रिंगा. प्रत्येक बाराला मागे गेलेली स्लाइड पुढे आणणारी स्प्रिंग दबून दबून सैल पडते, मग स्लाइड चौकटीवर जोरात आदळू लागते. अशी स्प्रिंग बदलण्यात इतिहासाचं काहीच बिघडत नाही. ती बदलली जाणार हे गृहीतच असतं. पृष्ठभागाचं तसं नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या बहुतेक पिस्तुलांवर फॉस्फेटचा राखाडी, बिनचमकीचा थर असे. तो घासून काढून निळी-काळी झिलई चढवली की पिस्तूल नवंकोरं दिसतं खरं, पण त्या कारखान्यातून तसलं पिस्तूल कधी बाहेरच पडलेलं नसतं. शिवाय पॉलिशच्या चाकाखाली कडा गोल होतात आणि ठशांची अक्षरं बुजतात. ओळख तर त्या अक्षरांतच असते. युद्धकाळात टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडनेही ही पिस्तुलं बनवली आणि आपल्याकडे शिवणयंत्रामुळे घरोघरी ठाऊक असलेल्या सिंगरनेही. सिंगरची जेमतेम ५००. आज लिलावात त्यांच्यावर उड्या पडतात, त्या त्या ठशापायीच.

मग गंज तसाच ठेवायचा? मुळीच नाही. तांबूस, भुकटी सुटणारा गंज पोलाद खात असतो. तेलाने आणि मऊ कापडाने तो थांबवलाच पाहिजे. पण हाताळून विरलेला थर म्हणजे गंज नव्हे, आणि हौशी माणसाची गल्लत नेमकी इथे होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लष्कराच्या शस्त्रागारांनीच ही पिस्तुलं उघडून, सुटे भाग मिसळून, नवा थर देऊन पुन्हा बांधली, मग अस्सल उरलं काय? पण शस्त्रागारं आपल्या कामावर ठसा मारत. ऑगस्टाच्या शस्त्रागाराचा ‘एए’ हा त्यातलाच. ती दुरुस्ती नोंदवलेली आहे, घरच्या झिलईची नोंद कुठेच नसते. अर्थात आधीच कुणीतरी घासून बिघडवलेलं पिस्तूल असेल, तर त्यावर खुशाल हात साफ करावा. उलट पहिल्या महायुद्धातल्या स्लाइडचं पोलाद पुरेसं कडक केलेलं नसे, त्यांना तडे जातात. ती पिस्तुलं न उडवता जपलेलीच बरी.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमात बनवण्या-विकण्याबरोबर दुरुस्तीही येते आणि त्यासाठी परवाना लागतो. आजोबांचं परवान्याचं पिस्तूल कपाटात असेल, तर ते परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडेच न्यावं आणि झिलई करू नका असं त्याला आधीच बजावून ठेवावं.