क्लोरोफॉर्म : गुणधर्म, उपयोग आणि सावधगिरी

काचीगुड्याहून सुलतानबाजारमार्गे अफझलगंजाकडे जाणारा रस्ता हैदराबादच्या मराठी मंडळींच्या नित्य परिचयाचा आहे. या परिसरातील रुग्णालयांचा एका रसायनाच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. ते रसायन म्हणजे क्लोरोफॉर्म होय.

कार्बनचा एक, हायड्रोजनचा एक व क्लोरीनचे तीन अणू मिळून त्याचा रेणू बनतो. हा द्रव रंगहीन, गोडसर वासाचा, पाण्याच्या सुमारे दीडपट जड असून ६१ अंश सेल्सिअसला उकळतो.

१८४७ साली एडिंबरोच्या डॉ. जेम्स सिम्पसन यांनी भूल देण्यासाठी त्याचा उपयोग सुरू केला. शस्त्रक्रियेच्या यातना टळल्या; परंतु अधूनमधून धडधाकट रुग्णही मेजावरच दगावू लागले. आधी श्वास थांबतो की हृदय, असा वाद माजला. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ साली निजाम सरकारने आयोग नेमला. विलायतेतील 'लॅन्सेट' या नियतकालिकाला त्याचा निष्कर्ष पटला नाही. तेव्हा निजामांनी एक हजार पौंड देऊन १८८९ मध्ये डॉ. लॉडर ब्रन्टन यांना पाचारण केले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले व श्वासच आधी थांबतो, श्वासावर लक्ष ठेवल्यास धोका नाही, असा निर्वाळा देण्यात आला.

श्वासावर लक्ष ठेवण्याचा सल्ला योग्यच होता. निर्वाळा मात्र अपुरा ठरला. भूल अर्धवट असताना हृदयाची लय अकस्मात बिघडून मृत्यू ओढवू शकतो, हे १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी दाखवून दिले. यकृतालाही हे द्रव्य अपायकारक आहे. त्यामुळे भुलीसाठी त्याचा वापर मागे पडला.

उद्योगात मात्र त्याला मोठी मागणी आहे. त्यापासून एचसीएफसी-२२ हा वायू तयार करतात. तो शीतयंत्रांत वापरला जात आला. ओझोनच्या थरास अपाय होत असल्याने तो वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्यात येत आहे. परंतु याच वायूपासून टेफ्लॉनही बनते. मेद, मेण, राळ विरघळवणारा द्रावक म्हणूनही क्लोरोफॉर्म उपयोगी पडतो.

शाळेच्या प्रयोगशाळेत जुनी बाटली असल्यास शिक्षकांनी ती अवश्य पाहावी. हवा व प्रकाश यांच्या संपर्काने त्यात फॉस्जीन हा विषारी वायू उत्पन्न होतो. म्हणूनच ते तपकिरी बाटलीत, किंचित अल्कोहोल मिसळून ठेवतात. ज्योतीजवळही ते नेऊ नये. टाकाऊ द्रव मोरीत अथवा जमिनीवर मुळीच ओतू नये. पाण्याहून जड असल्याने तो खोल मुरतो आणि विहिरीचे पाणी दूषित करतो.