एक कप म्हणजे किती ग्रॅम?

केक मध्येच बसला किंवा नानकटाई भुरभुरली, की दोष आधी ओव्हनला जातो, मग बेकिंग पावडरला. मापाकडे फारसं कुणी पाहत नाही.

‘कप 250चा, म्हणजे कपभर मैदा पाव किलो.’ हा सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज. कपावरचा तो आकडा मिलिलिटरचा आहे. कप जागा मोजतो, वजन नाही. दोन्ही आकडे जुळतात ते पाण्याच्या बाबतीत. खाद्यतेलाची एक लिटरची पिशवी उलटून पाहा, वजन 910 ग्रॅमच्या आसपास लिहिलेलं दिसेल. अमेरिकी पाककृतीतला कप साधारण 240 मिलिलिटरचा. त्यात मैदा 120 ते 125 ग्रॅम मावतो, साखर 200, लोणी 227, कोको पावडर जेमतेम 85 आणि मध तब्बल 340 ग्रॅम. साखर दळून पिठी केली, की तोच कप 120 ग्रॅमवर येतो. पाव किलोच्या हिशेबानं मैदा घेतलात, तर तो दुप्पट पडला.

बरं, मैद्याचा आकडा पाठ केला तरी भागत नाही, कारण कप कसा भरला यावर सगळं अवलंबून आहे. कप थेट डब्यात खुपसून वर काढला, तर मैदा दाबला जातो आणि वजन सहज 145 ग्रॅमपर्यंत जातं. चमच्याचमच्यानं हलकेच भरून वरून सुरीनं सपाट केला, तर 125च्या आत राहतं. चाळून भरला तर आणखी कमी. तीन कपांच्या केकमध्ये हा फरक साठ ग्रॅमचा, म्हणजे अर्धा कप मैदा जास्तीचा. म्हणूनच ‘एक कप चाळलेला मैदा’ आणि ‘एक कप मैदा, चाळून’ ही दोन वेगळी मापं आहेत. पहिल्यात आधी चाळायचं, दुसऱ्यात आधी मोजायचं.

‘कप सगळीकडे सारखाच’ हेही खरं नाही. ऑस्ट्रेलियात तो 250 मिलिलिटरचा असतो आणि तिथला मोठा चमचा 20चा, आपल्याकडे मिळणारा 15चा. आपल्या वाटीचं तर काय सांगावं, घरागणिक वेगळी!

या सगळ्या गोंधळावर उपाय म्हणजे वजनाचा काटा. तो आणला म्हणून चमचे मात्र टाकून देऊ नका. घरगुती काटा बहुधा एकेक ग्रॅमनं सरकतो आणि पाव चमचा खायचा सोडा भरतो ग्रॅमभराच्या जरासा वर. तिथे चमचाच भरवशाचा.

आईची नानकटाई वाटीच्या मापात असेल, तर इंटरनेटवरचे कपांचे तक्ते तिला लावू नका. ती करायला बसेल तेव्हा काट्यावर परात ठेवून आकडा शून्यावर आणा. तिची वाटी, भरायची तिची पद्धत, काही बदलू नका. ती मैदा ओतेल, आकडा लिहा, पुन्हा शून्य करा. मग पिठीसाखर, मग तूप. तूप थिजलेलं असो की पातळ, वजन तेवढंच राहतं, पण साखरेबरोबर फेसायला थिजलेलंच लागतं. तेव्हा ते कसं होतं, हेही आकड्याशेजारी लिहून ठेवा.