राउटर, अंकीय नियंत्रित

लाकूड, प्लायवुड, तंतुफलक, ॲक्रिलिक यांसारख्या तुलनेने मऊ पदार्थांच्या फलकांतून ठराविक आकार कापणे, खाचा पाडणे किंवा पृष्ठभागावर कोरीव काम करणे यांसाठी वापरण्यात येणारे, संगणकाच्या आज्ञांनुसार चालणारे यंत्र. व्यवहारात ते ‘सीएनसी राउटर’ या नावाने ओळखले जाते. हाताने चालविण्याच्या राउटरमध्ये बिटचा मार्ग कारागिराचा हात ठरवितो. या यंत्रात तो आधी लिहून दिलेल्या सहनिर्देशकांवरून ठरतो. बिटच्या मार्गात लाकूड आहे, लोखंडी पकड आहे की कोणाचा हात आहे, हे यंत्राला कळत नाही. त्याच्या सुरक्षित वापराचे बहुतेक नियम या एकाच मर्यादेतून निघतात.

इतिहास : अंकीय नियंत्रणाची कल्पना अमेरिकेतील मिशिगन राज्यात जॉन टी. पार्सन्स यांना हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कामातून सुचली. पुढे मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने छिद्रित फितीवरून चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक १९५२ मध्ये दाखविले. संगणक स्वस्त झाल्यावर हे तंत्र लाकूडकामात व लहान कार्यशाळांत आले. याच संस्थेतून एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी ‘फॅब लॅब’ या सर्वांसाठी खुल्या कार्यशाळांची चळवळ सुरू झाली. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमात अशी कार्यशाळा २००२ मध्ये सुरू झाली. अशा ठिकाणी विद्यार्थी, सुतार, शेतकरी व हौशी कारागीर एकच यंत्र पाळीपाळीने वापरतात.

रचना व कार्य : यंत्राच्या मेजावर फलक घट्ट बसवितात. वरच्या चौकटीवरील तर्कू डावी-उजवीकडे, पुढे-मागे व वर-खाली अशा तीन अक्षांवर सरकतो. तर्कूच्या टोकाशी कॉलेट नावाच्या पकडीत बिट धरलेला असतो व तो सामान्यतः मिनिटाला १०,००० ते २४,००० फेरे घेतो. सर्व मापे कारागिराने फलकावर निश्चित केलेल्या ‘शून्य’ बिंदूपासून मोजली जातात. पुष्कळ लहान यंत्रांत स्टेपर चलित्रे असतात. चौकट कोठे अडखळली व चलित्राच्या काही पायऱ्या चुकल्या, तर अशा यंत्राला त्याची जाणीव होत नाही. ते चुकीच्या जागी तितक्याच निश्चितपणे कापत राहते.

सामायिक वापरातील धोके : एकाच कारागिराच्या यंत्राची स्थिती त्याला ठाऊक असते. सामायिक यंत्र मात्र आधीच्या व्यक्तीने सोडलेल्या स्थितीत पुढच्याच्या हाती येते. नियंत्रकात जुना शून्य बिंदू राहिलेला असू शकतो. तो तसाच वापरल्यास बिट मेजात किंवा पकडीत घुसतो. एकक इंचाचे की मिलिमीटरचे हे तपासले नाही, तर मापे २५·४ पटींनी चुकतात. ६ मिमी. दांड्याचा बिट पाव इंची, म्हणजे ६·३५ मिमी. कॉलेटमध्ये घट्ट बसल्यासारखा वाटला, तरी काम चालू असता तो घसरू शकतो. म्हणून आधीची कोणतीही मांडणी बरोबर आहे असे गृहीत न धरणे हा नवशिक्याचा पहिला धडा होय.

शिकण्याचा क्रम : प्रथम यंत्र बंद ठेवून त्याचे भाग व तात्काळ थांबविण्याचे लाल बटन ओळखावे. बिट बदलताना तर्कूचा वीजपुरवठा तोडावा. फलक बसविल्यावर पकडी व स्क्रू बिटच्या मार्गाबाहेर आहेत याची खात्री करावी. नंतर शून्य बिंदू नव्याने ठरवून, बिट फलकाच्या वर उचलून, संपूर्ण मार्ग हवेतच एकदा चालवून पाहावा. मांडणीतील पुष्कळ चुका येथेच उघड होतात. कापलेला तुकडा शेवटी सुटून उडू नये म्हणून त्याला मूळ फलकाशी जोडणारे छोटे दुवे आकृतीतच ठेवावेत. पहिली काही कामे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली करावीत.

काम चालू असताना संरक्षक चष्मा व कानांची संरक्षके वापरावीत. हातमोजे, सैल बाह्या, ओढणी, पदर व मोकळे केस फिरत्या तर्कूत ओढले जातात. ते यंत्राजवळ नसावेत. ‘विराम’ दिल्यास चौकट थांबते, परंतु तर्कू फिरत राहू शकतो. लाल बटन दाबल्यावरही पुष्कळ यंत्रांत तो काही सेकंद फिरतो. म्हणून तो पूर्ण थांबल्याशिवाय हात पुढे करू नये. असे थांबविल्यावर यंत्राची स्थिती पुन्हा मूळ बिंदूपासून निश्चित करावी लागते.

आग व धूळ : प्रत्येक धार एका फेऱ्यात किती जाडीचा छिलका काढते, ते सरकण्याचा वेग भागिले फेरे व धारांची संख्या यांचा गुणाकार असे काढतात. १८,००० फेरे, दोन धारा व मिनिटाला ३,६०० मिमी. वेग असता हा छिलका ०·१ मिमी. येतो. भीतीपोटी वेग ६०० मिमी. केल्यास तो सु. ०·०१७ मिमी. होतो, मग बिट कापण्याऐवजी घासतो, तापतो व लाकूड करपवितो. अशी ठिणगी भुसा ओढणाऱ्या यंत्रात गेल्यास ती तेथे धुमसत राहून काम संपल्यावर बऱ्याच वेळाने आग लागू शकते. म्हणजे हळू चालविणे नेहमीच सुरक्षित नसते. तसेच चालू यंत्र सोडून जाणे वर्ज्य मानावे व भुशाची पिशवी काम संपल्यावर तपासावी. लाकडाच्या धुळीचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात मानवास कर्करोगकारक पदार्थांत केला आहे. यास्तव धूळ ओढण्याची यंत्रणा व योग्य मुखपट्टी आवश्यक ठरतात.

कार्यशाळेतील शिस्त : काम संपल्यावर बिट काढून ठेवणे, मेज झाडणे आणि आढळलेला दोष नोंदवहीत लिहून यंत्रावर तशी पाटी लावणे, ही कामे शिष्टाचाराची नसून सुरक्षिततेची आहेत. सदोष यंत्राविषयी बाळगलेल्या मौनाची किंमत पुढच्या व्यक्तीला मोजावी लागते. ज्याने यंत्र सुरू केले त्यानेच ते थांबेपर्यंत जवळ उभे राहावे व त्याच्याशी त्या वेळी इतरांनी बोलू नये, असा नियम पाळणे हितावह असते.