आजी, समोर बघा

खाली आलेली पापणी उचलताना मला पेशंट जागाच हवा असतो. टाका घालून "आजी, डोळे उघडा, समोर बघा" म्हणत दोन्ही पापण्यांची उंची जुळवावी लागते; पूर्ण भूल दिली तर हे कसं जमणार? लोकांना धास्ती असते ती डोळ्याजवळ येणाऱ्या सुईची. पापणी बधिर करणारं लिग्नोकेनचं इंजेक्शन आम्लधर्मी, म्हणून चुरचुरतं. मी त्याच्या 9 भागांत 1 भाग सोडिअम बायकार्बोनेट मिसळते आणि बारीक सुईने, अगदी सावकाश, कातडीखाली सोडते. सोबतच्या अ‍ॅड्रेनलिनमुळे रक्तस्राव कमी होतो, पण छाती धडधडू शकते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस उगाच घाबरतो. सिस्टरांनी धरलेला हात मी औषधाइतकाच महत्त्वाचा मानते. डोळ्याच्या खोबणीत खोलवर काम असेल, तर मात्र बहुधा पूर्ण भूलच देतो.